दिल्लीच्या पेटीला ओलं पोतं

माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करून घ्यायचं, ही आमच्या टेलिफोन ऑफिसातली जुनी पद्धत. मी "वादळात वीस खांब पडले" असं कळवलं की साहेब दहा खांबांचं सामान पाठवायचे, आणि खरं सांगतो, त्यातलेही चार खांब उरायचे. याचा मला कधी राग आला नाही. सोलापुरात जन्म काढायचा आणि बोलणं वाढवायचं नाही, म्हणजे कडक भाकरी शेंगाचटणीशिवाय चावत बसण्यासारखं. दात दुखतात, चव काही लागत नाही.

तर अशा या माणसाच्या हातात एकदा दिल्लीहून एक वही आली. तिच्यात जे लिहिलं जाईल ते अक्षर न् अक्षर खरं धरलं जाणार होतं. साहेबांनी ती वही माझ्याकडे देताना दोनदा परत घेतली, शेवटी डोळे मिटून दिली. त्या वहीची ही हकीकत. यातलं काही वजा करू नका. उन्हाबद्दल जे सांगेन त्यातलं फार तर चार आणे काढा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. मोठा दुष्काळ सरून चार-पाच वर्षं झाली होती. दिल्लीत दूरसंचाराचं एक संशोधन केंद्र होतं. खात्यात येणारी कुठलीही नवी वस्तू, मग ते यंत्र असो, केबल असो की खांबावरची चिनी मातीची वाटी असो, आधी तिथं जायची. तिथले लोक तिला तापवायचे, भिजवायचे, हलवायचे, उंचावरून टाकायचे. थोडक्यात, सासुरवास करायचे. त्यात जी टिकेल ती देशभर नांदायला जायची. परदेशातून आलेली यंत्रं थंडीत, लाडात वाढलेली. आपल्याकडे आली की त्यांना ऊन लागायचं, धुळीनं त्यांचा जीव घुसमटायचा, आणि फोन बंद पडला की शिव्या आम्हाला. आकडे फिरवून कंटाळलेल्या गिऱ्हाइकाला कुठं ठाऊक, की यंत्राला आपला उन्हाळा मानवत नाही? दिल्लीतल्या त्या केंद्राला मात्र ठाऊक होतं. म्हणून न बघितलेल्या त्या इमारतीबद्दल मला थोरल्या भावाबद्दल वाटावं तसं वाटायचं. भेटत नाही, पण भांडणात आपल्या बाजूनं उभा राहतो.

त्या केंद्रानं एक पेटी बनवली होती. कपाटाएवढी, करड्या रंगाची. पंचवीस टेलिफोन एकमेकांना आणि बाहेरगावाला जोडून देणारं एक्स्चेंजच ते, पण समोर ऑपरेटर नको. माणसाशिवाय, दिवसरात्र, आपलं आपण चालणारं. दिल्लीतल्या सगळ्या परीक्षा तिनं दिल्या होत्या. आता खऱ्या जगात एक उन्हाळा काढायचा होता, आणि त्यासाठी देशभरातून त्यांनी निवडलं कुठलं गाव? सोलापूर! आम्हाला वाटलं, आमचा केवढा सन्मान. नंतर कळलं, की यंत्राला जास्तीत जास्त त्रास कुठं होईल याचा त्यांनी शोध घेतला होता. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ऊन होतं, धूळ होती, यंत्रमागांची उडणारी रुई होती आणि सगळे माग एकदम सुरू झाले की दिवे माना टाकतात, अशी वीज होती. एका ठिकाणी इतकी सुखं मिळायला भाग्य लागतं.

पेटी आली ती मेलगाडीच्या सामानाच्या डब्यातून, लाकडी खोक्यात, गवतात गुंडाळून. तिच्याबरोबर दिल्लीचे साहेब येणार म्हणून आम्ही हार घेऊन स्टेशनवर उभे. आम्ही म्हणजे मी आणि आमचा लाइनमन. त्याला सगळे अण्णा म्हणायचे. घरी तेलुगू बोलणारा, विणकरांच्या घरात वाढलेला, खांबावर चढला की माकडानं लाजावं असा. साहेब काही उतरले नाहीत. उतरल्या एक बाई. बारीक अंगाच्या, सुती साडी, हातात स्वतःपेक्षा जड अवजारांची पेटी. अण्णानं हार माझ्या हातात कोंबला आणि कानात म्हणाला, "तू घाल. माझी बायको ह्याच गाडीनं यायची हाय."

बाई मूळच्या नागपूरच्या निघाल्या. मी लगेच सोलापूरच्या उन्हाचा विषय काढला. सांगितलं, "बाई, आमच्याकडं मे महिन्यात कावळे उडत न्हाईत, चालत जातात. रस्त्याच्या कडंकडंनं."

"नागपूरचे बसनं जातात," बाई म्हणाल्या, आणि पुढं चालू लागल्या.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या थापेवर कुणी थाप चढवली होती. मी त्या क्षणी त्यांचा चेला झालो.

एमआयडीसीच्या कडेला खात्याची एक पत्र्याच्या छपराची खोली होती. तिथं पेटी उभी केली. अण्णानं तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि खोबऱ्याचा तुकडा बाईंना देत म्हणाला, "दिल्लीची पाव्हणी हाय. आता आमची जबाबदारी."

बाईंनी खोबरं खाल्लं. मग आठवडाभर आम्हाला शिकवलं. कुठला दिवा लागला म्हणजे काय, कुठली पट्टी कशी काढायची, बिघाड कसा शोधायचा. शेवटच्या दिवशी माझ्या हातात वही ठेवली, भिंतीला उष्णतामापक टांगला आणि म्हणाल्या, "दिवसातून तीनदा आकडा लिहायचा. आठ, दोन आणि सहा वाजता. काही बिघडलं तर वेळ लिहायची, काय झालं ते लिहायचं. बाकी तिला जगायचं तसं जगू द्या. मरायची असेल तर मरू द्या. मेली तरी चालेल, कशानं मेली ते कळलं पाहिजे."

अण्णानं दोन्ही कानांवर हात ठेवले. पाहुणीबद्दल हे असलं बोलणं!

मी विचारलं, "बाई, पास झाली तर कुटं जाईल ही?"

"लहान तालुक्यांना. जिथं पोस्टात एकच फोन आहे आणि तोही पाचला कुलपात जातो, तिथं."

"सांगोल्याला?"

"कुठं आहे सांगोला?"

"पावसाच्या यादीत नाव नसलेलं गाव हाय बाई. आमच्याच जिल्ह्यात."

बाईंनी आपल्या डायरीत ते नाव लिहून घेतलं. "पास झाली तर मी स्वतः सुचवीन," म्हणाल्या.

आता इथं मला जरा थांबून सांगायला हवं, आणि इथलं काहीच वजा करायचं नाही.

सांगोल्याला माझी थोरली बहीण दिली होती. आक्का. घरी मेंढरं, कोरडवाहू रान, पाण्याला वणवण. आदल्या वर्षी मे महिन्यात आमचे वडील गेले, सोलापुरात, संध्याकाळी सहा वाजता. मी टेलिफोन खात्यातला माणूस. जिल्ह्यातल्या किती घरांचे मयताचे निरोप मी तारा जोडून पोचवले असतील, त्याची गणती नाही. ट्रंक लाइनवरच्या ओळखीच्या ऑपरेटरला हात जोडले. तिनं सांगोल्याला फोन लावून दिला. पण पोस्ट पाचला बंद झालेलं. कुलूप लावलेल्या खोलीत घंटी वाजत राहिली असेल. शेवटची एसटीही गेलेली. सकाळी तार केली, ती आक्काला दुपारी मिळाली. उन्हाळ्यात मयत थांबत नाही, आम्ही सकाळीच उरकलं होतं. आक्का पाच वाजता एसटीतून उतरून आली तेव्हा अंगण सारवून झालं होतं.

ती रडली नाही. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "आरं, तू तर फोनमधी हाईस की."

त्यानंतर वर्षभर तिनं तो विषय काढला नाही, आणि मी वर्षभर तेच ऐकत राहिलो. त्यामुळं बाईंनी डायरीत सांगोला लिहिला त्याच आठवड्यात मी एसटी पकडून आक्काकडे गेलो आणि सांगून मोकळा झालो, "आक्का, औंदाच्या दिवाळीला सांगोल्यात दिवसरात्र फोन. माझा शब्द."

आक्का म्हणाली, "तुजा शब्द का सरकारचा?"

"दोघांचा."

"मग निम्मा खरा आसंल."

बाई दिल्लीला गेल्या आणि एप्रिल लागला. ऊन असं पडायला लागलं की आमच्या ऑफिसातला एक कारकून सकाळी सायकल उन्हात लावून आत गेला आणि संध्याकाळी त्याला सायकलचं नुसतं कुलूप सापडलं. (इथले चार आणे काढायला हरकत नाही.) पत्र्याच्या खोलीत दुपारी दोनला मी वही घेऊन गेलो तर पेटीला हात लावता येईना. चटकाच बसला. आतून मंद गुणगुण येत होती, तापलेल्या माणसानं कण्हावं तशी.

मी अण्णाकडं बघितलं. अण्णानं माझ्याकडं बघितलं.

"पाव्हणीला ताप हाय," अण्णा म्हणाला.

"लिहायचं फक्त. हात लावायचा न्हाई. बाई म्हणल्यात."

"मी पेटीला कुटं हात लावतोय? मी खिडकीला हात लावतोय."

आणि त्यानं खिडकीवर एक ओलं पोतं टांगलं. पेटीला हात लावला नाही, हे खरं. मीही अडवलं नाही, हेही खरं.

पोतं वाळायला अर्धा तास लागायचा, म्हणून दुसऱ्या दिवशी दोन पोती झाली. मग दारालाही एक. मग शेजारच्या कारखानदारानं, ज्याच्याकडं त्या पेटीचा एक फोन होता, आपल्या ऑफिसातला टेबलफॅन आणून दिला. म्हणाला, "मला काय, मी घामानं गार हुतो. तिला घाम न्हाई." वीज खाली-वर व्हायची, तर अण्णानं ओळखीनं चारपाच कारखान्यांत सांगून ठेवलं, की सकाळी सगळे माग एकदम सोडू नका, पाच-पाच मिनिटांनी सोडा. आणि ऐकलं हो लोकांनी! बायकोचं न ऐकणाऱ्या माणसांनी दिल्लीच्या पेटीचं ऐकलं. रुई उडून आत जाऊ नये म्हणून रोज सकाळी नव्या टॉवेलनं तिला पुसून काढायची, तेही मऊ टॉवेलनं, जो निर्यातीसाठी वेगळा ठेवायचे. मेच्या पहिल्या आठवड्यात तर वॉचमनच्या बायकोनं दारात सडा घालायला सुरुवात केली. पुढं कुणीतरी छपरावर उसाचं पाचट पसरलं. मी विचारलं नाही कुणी. मला अंदाज होता, मीच असेन.

दिवसाला आठ घागरी पाणी लागायचं. एमआयडीसीच्या नळाचं. ते आम्ही कधी मोजलं नाही. पुढं मोजावं लागलं म्हणून आकडा माहीत.

वहीत मी प्रामाणिकपणे लिहीत होतो. सकाळी आठ, सव्वीस अंश. दुपारी दोन, एकोणतीस अंश. बिघाड, नाही. संध्याकाळी सहा, अठ्ठावीस. बिघाड, नाही. पानामागून पानं. खोट्याचं एक अक्षर नव्हतं. खरं फक्त थोडं कमी पडत होतं. मला तर अभिमान वाटायचा. जन्मभर वाढवून सांगणारा मी, आणि इथं बिघाडाच्या रकान्यात शून्याला शून्य.

मेच्या मध्यावर बाई आल्या. स्टेशनवरून रिक्षा न करता चालत आल्या असाव्यात, कारण डोक्याला ओला रुमाल होता आणि चेहरा तांब्यासारखा. खोलीत न येता पायरीवर बसल्या, वही मागितली. एक पान वाचलं. दुसरं वाचलं. मग एकदम दहा पानं उलटली.

"काका," बाई म्हणाल्या. मी त्यांच्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठा असेन, पण त्यांनी मला पहिल्या दिवसापासून काकाच केलं होतं. "बाहेर किती आहे आज?"

"चव्वेचाळीस असंल की."

"आणि आत एकोणतीस."

"सोलापुरात काय बी हुतं बाई."

"हे मी दिल्लीत दाखवलं ना, तर सगळं केंद्र उचलून इथं आणतील. उन्हाळी सुट्टीला."

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, दारातलं पोतं बोटानं दाबलं. पाणी त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. वर पाचट बघितलं, आत फॅन बघितला. फॅनला अण्णाच्या बायकोनं झालर लावली होती.

"हे कोणी केलं?"

अण्णा पुढं झाला. "मॅडम, पाव्हणी हाय. आपल्या दारात आलेल्या माणसाला उन्हात ठेवत्यात व्हय? ज्यानं केलं त्याला काय शिक्षा करायची ती करा."

"सगळ्यांनीच केलं," मी म्हटलं. "शिक्षा करायची तर अर्धी एमआयडीसी आत घ्यावी लागंल."

बाई पायरीवर परत बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या साहेबांचा मला तीस वर्षांचा सराव. (बरं, बारा.) पण त्या ओला हात पदराला पुसत म्हणाल्या, "काका, तुमच्या बहिणीच्या गावाला पाणी कुठून येतं?"

बहिणीचं मी त्यांना, त्यांनी डायरीत सांगोला लिहिला त्याच दिवशी सांगितलं होतं.

"टँकरनं," मी म्हटलं. "आला तर."

"किती घागरी मिळतात घरटी?"

मी पोत्यातून गळणाऱ्या पाण्याकडं बघितलं. दोन मिळायच्या. टँकर दिसला की आक्का मेंढरं सोडून पळायची तेव्हा दोन मिळायच्या.

"पेटी पास नाही झाली," बाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही पोतं पास केलंत. मी जर ही वही दिल्लीला दिली, तर पेटी आहे तशीच सांगोल्याला जाईल. तिथं पोतं कोण ओलं करणार, तुमची बहीण?"

त्या बोलल्या ते एवढंच. पण मला डोळ्यांसमोर दिसलं. आक्का डोक्यावर घागर घेऊन पोस्टात शिरतेय. घरात प्यायला नाही आणि ती भावाच्या पेटीला पाणी घालतेय. आणि तिनं घातलं असतं हो. नक्की घातलं असतं. मी दिलेला शब्द मोडू नये म्हणून.

मी खाली बसलो. ऊन सटासट लागत होतं, पण उठावंसं वाटेना.

"आता काय करायचं बाई?"

"उन्हाळ्याचे दिवस राहिलेत पंधरा-वीस. मी थांबते. सगळं काढा. पोती, पाचट, पंखा. माग एकदम सुरू करायला सांगा. आणि आधी हे वहीत लिहा."

"काय लिहू?"

"किती पोती, किती घागरी, कधीपासून. सगळं. वाढवू नका आणि कमीही करू नका."

मला वाटलं, आता नोकरी गेली. ती वही म्हणजे माझा कबुलीजबाब. तरी लिहिलं. सगळा हिशेब आठवून लिहिला, अण्णा शेजारी बसून सांगत होता. "फॅनची झालर बी लिही," म्हणाला. "खरं म्हणजे खरं." लिहून झाल्यावर बाईंनी खाली एक ओळ इंग्रजीत लिहिली आणि सही केली. मी बिचकत बिचकत विचारलं, काय लिहिलंय. त्यांनी मराठीत सांगितलं: वरच्या नोंदी रद्द धराव्यात. कारण, स्थानिक कर्मचाऱ्यांनी यंत्राची गरजेपेक्षा जास्त काळजी घेतली.

"आणि शिक्षा?" अण्णानं विचारलं.

"काळजी घेतल्याची शिक्षा अजून खात्याच्या नियमात नाही," बाई म्हणाल्या. "असती तर मी पण घरी बसले असते."

मग ते दिवस. काय सांगू. एखाद्या माणसाला आपण मुद्दाम उन्हात उभं करावं आणि सावलीत बसून बघत राहावं, तसं ते. अण्णा तर खोलीकडं पाठ करून बसायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी पेटीतली गुणगुण थांबली. सगळे दिवे एकदम विझले. शेजारच्या कारखान्यातून कारखानदाराचा आवाज आला, "फोन मेला रं!"

मी वही उघडली. दोन दहा. खोलीत सेहेचाळीस अंश. पेटी बंद. सांगोल्याची दिवाळी त्या ओळीखाली गेली, हे मला कळत होतं.

बाईंनी मात्र बाह्या वर केल्या आणि पेटी उघडली. मला म्हणाल्या, "या, बघा." आत, खालच्या बाजूला, रुईचा थर. टॉवेल न फिरवलेले तीनच दिवस, आणि एवढा थर! पेटीला हवा घ्यायला खालून जाळी होती. गरम हवा वर जाते, म्हणून खालून गार हवा आत येते, हा दिल्लीचा हिशेब. हिशेब बरोबर होता. पण त्या खालच्या हवेबरोबर रुई आत जाऊन बसली होती, आणि पेटी तापल्यावर आत हवाच खेळेना.

अण्णा मागून डोकावला. "खालून हवा घेती व्हय ही?" म्हणाला. "मग मरंल न्हाई तर काय? मॅडम, आमच्या घरात चार माग. आई पाण्याचा माठ कधी खाली ठेवत न्हाई, माणसाच्या खांद्याएवढ्या फळीवर ठेवती. रुई खालूनच लोळत फिरती की. वर येती, पण वर फडकं बांधलेलं असतं."

बाईंनी पेन काढलं. "फडकं कसलं?"

"टॉवेलचं. जुन्या. सैल विणीचं. हवा जाती, रुई अडती."

बाई त्या दिवशी अण्णाच्या घरी गेल्या. माठ बघितला, फळीची उंची पट्टीनं मोजली, फडक्याचा तुकडा मागून घेतला. अण्णाच्या आईला मराठी येत नाही, बाईंना तेलुगू येत नाही. तरी दोघी तासभर बोलत होत्या आणि दोघींना सगळं कळलं, असं अण्णा सांगतो. त्याच्या सांगण्यातलंही थोडं वजा करायला लागतं. माझाच सहवास.

पेटी परत लाकडी खोक्यात गेली, गवतात गुंडाळून. स्टेशनवर निरोप देताना मी बाईंना एक चादर दिली, घट्ट विणीची, दहा वर्षं फाटणार नाही अशी. बाई म्हणाल्या, "सांगोल्याला सांगा, उशीर होईल. पण पाणी लागणार नाही."

ते सांगणं मला भाग होतं. एसटीनं गेलो. आक्का दारात शेळी बांधत होती. मी वाटेत चांगली गोष्ट रचली होती. दिल्लीत संप झाला, आगगाडी घसरली, मंत्री आजारी पडला. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. सगळं खरं सांगून टाकलं. पोती, घागरी, झालर, दोन वाजून दहा मिनिटं.

आक्कानं ऐकून घेतलं. शेळीला गाठ मारली. म्हणाली, "तितं मेली ते बरं झालं. हितं यून मेली आसती, तर मी काय केलं आसतं?"

मग आत जाऊन तिनं मला पाणी आणून दिलं. तांब्या भरून. तिच्या दोन घागरींतलं.

दोन उन्हाळे गेले. मग दिल्लीहून पेट्या सुटल्या, एक नाही, बऱ्याच. हवेची जाळी आता वरच्या बाजूला, खांद्याएवढ्या उंचीवर, आणि तिच्यावर काढून धुता येईल असं सैल विणीचं कापड. अण्णा आजही छातीवर हात मारून सांगतो, की भारत सरकारनं त्याच्या आईचा माठ नकलून घेतला. मी त्याला अडवत नाही. त्याच्या बोलण्यातलं त्या एका ठिकाणी काही वजा करायचं नसतं.

त्यातली एक पेटी सांगोल्याला बसवायला मलाच पाठवलं. पोस्टाच्या मागची खोली, पत्रा, मे महिना. मी उष्णतामापक टांगला, वही ठेवली आणि तिथल्या माणसाला दिल्लीच्या बाईंचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मरायची असेल तर मरू द्या. तो घाबरून माझ्याकडं बघत राहिला. पोस्टाच्या ओसरीवर एक सार्वजनिक फोन लावला, बिनकुलपाचा. आक्काला आकडे कसे फिरवायचे ते दाखवलं. ती म्हणाली, "मेंढरं मोजायला येत्यात मला, आकडं काय शिकवतोस?"

मी सोलापूरला परतलो. आठवड्यानं संध्याकाळी सात वाजता ऑफिसातला फोन वाजला. सात वाजता! पलीकडून इतका मोठा आवाज आला की मला वाटलं आक्का फोन बाजूला ठेवून नुसतीच ओरडतेय आणि ते सोलापुरात तसंच ऐकू येतंय.

"आरं, मी बोलतीया!"

"बोल आक्का. सगळं ठीक हाय न्हवं?"

"व्हय. काय न्हाय झालेलं. उगंच लावला. वाजतोय का बघावं म्हणलं."

तारेत नुसती सरसर होती, आणि ती मी आयुष्यात ऐकलेली सगळ्यात चांगली सरसर.

मग आक्का म्हणाली, "ऐकतोस का? आज चार दिस झालं टँकर आला न्हाई. पेटी चालू हाय."